दोर कापलेला वैमानिक

कारंज्याच्या आभाळात विमान म्हणजे खूप उंचावरची पांढरी रेघ. ती कुठून आली, कुठे चालली, कुणाला ठाऊक नसतं. आवाज येईपर्यंत रेघ पुसट झालेली असते. पण २१ नोव्हेंबर २०२५च्या संध्याकाळी बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर एक विमान अगदी हाताच्या अंतरावर होतं, कारण ते मोबाइलमध्ये होतं. दुबईच्या एअर शोचा शेवटचा दिवस. आपलं तेजस जमिनीलगत कसरत करतं, वळतं, खाली येतं आणि वर उठत नाही. मग आगीचा गोळा. विंग कमांडर नमांश स्याल त्यात गेले.

पाच-सहा पोरं एकाच फोनवर वाकलेली होती. त्यातला एक, पहाटे उठून भरतीसाठी धावणारा, म्हणाला, "कुदला काहून नाही पण तो?"

दुसऱ्याने लगेच उत्तर दिलं. त्याच्या फोनवर तोवर एक फॉरवर्ड आलेलंच होतं. खाली माणसं होती, त्यांना वाचवायला वैमानिकाने उडी मारली नाही, अशा अर्थाचं. अपघाताला काही तास झाले होते. चौकशी सुरूही झाली नव्हती. पण गोष्ट लिहून तयार होती, कारण ती आपल्याकडे आधीपासूनच लिहिलेली आहे. फक्त नाव बदलायचं.

हा लेख त्या तयार गोष्टीबद्दल आहे. विमान पडतं तेव्हा आपण वैमानिकाचं काय करतो, त्याच्या पाठीवरच्या पॅराशूटचं काय करतो, याबद्दल.

आधी शब्दच घ्या. पॅराशूट म्हटलं की आपल्या घरात निळी बाटली आठवते. थंडीत खोबरेल गोठतं म्हणून आजी ती उन्हात ठेवते. जुन्या पुस्तकांत 'हवाई छत्री' असा शब्द आहे, छान शब्द, पण तो फक्त उतरण्याचं चित्र दाखवतो, सुटण्याचं नाही. सुटण्यासाठी मराठीत जे शब्द आहेत ते बघा: पळ काढला, पाठ दाखवली, मैदान सोडलं, कच खाल्ली. वेळेवर, शहाणपणाने, शिकवल्याप्रमाणे बाहेर पडणं याला एक मानाचं क्रियापद आपल्याकडे नाही. म्हणून वैमानिकसुद्धा मराठी बोलताना 'इजेक्ट झालो' म्हणतात. बरं झालं. त्या इंग्रजी शब्दाला अजून लाज चिकटलेली नाही.

लाज कुठून येते? चौथीच्या इतिहासातून येते, असं मला वाटतं. ४ फेब्रुवारी १६७०, कोंढाणा. तानाजी पडतात, मावळे कड्याकडे पळू लागतात, आणि सूर्याजी सांगतो की दोर मी कापून टाकलेत. आता उड्या मारून मरा नाहीतर लढा. ही गोष्ट वर्गात ऐकताना अंगावर काटा येतोच, माझ्याही आला होता. पण तिच्यामागचं गणित नीट बघा. माणसाला परतीची वाट दिसली की तो लढत नाही, म्हणून वाट कापून टाका. दोर कापला की शौर्य सुरू होतं.

नेमकं हेच गणित पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी केलं. फुग्यांतून टेहळणी करणाऱ्यांना त्यांनी पॅराशूट दिलं. विमान उडवणाऱ्यांना युद्ध संपेपर्यंत दिलं नाही. जर्मनांनी १९१८मध्ये आपल्या वैमानिकांना द्यायला सुरुवात केली, तरीही नाही. कारणं सांगितली गेली: वजन फार, जागा कमी, यंत्रणेचा भरवसा नाही. ती अगदीच खोटी नव्हती. पण त्यांच्याआड आणखी एक समजूत होती, जिच्याबद्दल इतिहासकार आजही लिहितात: पॅराशूट दिलं तर वैमानिक विमान लवकर सोडेल. त्या वर्षी आपलीही पोरं तिथे होती. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर जून १९१८मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर जायबंदी होऊन गेले. कोलकात्याचे इंद्रलाल रॉय २२ जुलै १९१८ला गेले, वय १९. त्यांचं विमान पेटत खाली आलं. पेटत्या लाकडी-कापडी विमानात बसून खाली येणं म्हणजे काय, हे लिहायची माझी तयारी नाही.

चार वर्षांनी, २० ऑक्टोबर १९२२ला, अमेरिकेत ओहायोमधल्या मॅकूक फील्डवर हॅरल्ड हॅरिस नावाच्या चाचणी वैमानिकाचं विमान हवेतच तुटायला लागलं. त्याने बाहेर उडी टाकली. घाबरून आधी तो भलतंच कडं ओढत राहिला, मग खरं कडं हाती आलं आणि रेशमी छत्री उघडली. बिघडलेल्या विमानातून पॅराशूटने जीव वाचलेल्यांचा पुढे एक क्लबच झाला, 'कॅटरपिलर क्लब'. सोन्याचा छोटा सुरवंट बिल्ला म्हणून मिळायचा, कारण छत्री रेशमाची आणि जीव रेशमाच्या धाग्यावर. मला हा क्लब फार आवडतो. इथे वाचणं हीच पात्रता आहे.

आपल्याकडे असा बिल्ला नाही. आपल्याकडे सिनेमा आहे.

'रंग दे बसंती' २६ जानेवारी २००६ला आला. हे वाचणारे तुमच्यातले बरेच जण तेव्हा बालवाडीत असतील, किंवा तेही नसतील. पण दर प्रजासत्ताक दिनाला टीव्हीवर तो तुम्ही पाहिलेला आहे. त्यात माधवनचा फ्लाइट लेफ्टनंट अजय राठोड आहे. त्याचं मिग पडतं. त्याने उडी मारली असती तर विमान वस्तीवर कोसळलं असतं, म्हणून तो आतच राहिला, असं आपल्याला कळतं. सरकार मात्र दोष त्याच्याच माथी मारतं. आपले मोहन आगाशे त्यात संरक्षणमंत्री आहेत, आणि इतके थंडपणे खोटं बोलतात की त्यांचा राग आल्याशिवाय राहत नाही. मग इंडिया गेटवर मेणबत्त्या, मग लाठीमार, मग पोरांच्या हातात पिस्तूल.

सिनेमा चांगला आहे, हे आधी मान्य करतो. सुट्या भागांचा भ्रष्टाचार, 'चूक वैमानिकाची' हा सरकारी शेरा, या गोष्टी हिंदी सिनेमात इतक्या मोठ्याने त्याआधी कुणी बोललं नव्हतं. प्रदर्शनाआधी तो संरक्षणमंत्र्यांना आणि सेनादलांच्या प्रमुखांना दाखवावा लागला, यावरून तो कुठे झोंबत होता ते कळतं.

पण सिनेमाचा एक हिशेब मला पटत नाही. अजयने मरणं त्याच्या कथानकाला आवश्यक आहे, हे ठीक. मात्र नुसता मेलेला वैमानिक त्याला पुरत नाही. ज्याला वाचता आलं असतं आणि जो तरीही वाचला नाही, असा वैमानिक त्याला हवा आहे. म्हणजे पुन्हा दोर कापलेला. अशी कल्पना करा: अजय वेळेवर इजेक्ट झाला. मणका मोडला. अंबाल्याच्या रुग्णालयात पाठीला पट्टा बांधून पडला आहे, आणि म्हणतो आहे की इंजिन अमुक सेकंदाला बंद पडलं, मी तमुक बटण दाबलं, काही झालं नाही. मंत्र्याला खोटं बोलणं किती अवघड गेलं असतं! भ्रष्टाचाराविरुद्धचा सगळ्यात पक्का साक्षीदार कॉकपिटमध्ये बसलेला असतो, आणि सिनेमा त्यालाच मारून टाकतो. मग त्याच्या वतीने बोलायला मित्रांना बंदूक उचलावी लागते. जिवंत, लंगडणाऱ्या, तांत्रिक भाषेत बोलणाऱ्या माणसासाठी मेणबत्त्या पेटत नाहीत, हे दिग्दर्शकाला ठाऊक होतं. आपल्यालाही ठाऊक आहे. तिथेच दुखतं.

या प्रसंगाशी अनेकांनी पुण्याच्या अभिजित गाडगीळांची कथा जोडली. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ला राजस्थानात सुरतगडहून रात्रीच्या उड्डाणाला निघाले आणि काही क्षणांत त्यांचं मिग-२१ पडलं. वैमानिकाला दिशाभ्रम झाला, असा निष्कर्ष निघाला. आई कविता आणि वडील अनिल गाडगीळ यांनी तो मान्य केला नाही. पुढची कित्येक वर्षं ते पत्रं लिहीत राहिले, प्रश्न विचारत राहिले. या खऱ्या गोष्टीत वस्तीवरून विमान वळवणं वगैरे काही नाही. रात्र आहे, जमीन जवळ आहे आणि वेळ नाही. इथे शौर्याचा प्रश्नच येत नाही, साक्षीचा येतो. आत काय झालं ते सांगणारा उरला नाही, म्हणून कागदावर जे लिहिलं गेलं ते खोडायला आईवडिलांना मुलाच्या वतीने बोलावं लागलं. सिनेमाने या कथेतला राग घेतला आणि त्यात हौतात्म्य घातलं. मला विचाराल तर मूळ कथा जास्त भयंकर आहे.

आता माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट. ८ मे २०२३, तेच सुरतगड, तेच मिग-२१. वैमानिक इजेक्ट झाला, वाचला. विमान हनुमानगड जिल्ह्यातल्या बहलोलनगर गावात एका घरावर पडलं आणि तीन बायका गेल्या. हे वाचून कुणी म्हणेल, बघा, म्हणूनच आत राहायला हवं. मी या तीन बायकांपाशी बराच वेळ अडकलो होतो. हा लेख त्यांच्यावरून उडी मारून पुढे गेला असता तर तो खोटा झाला असता. पण याच्या शेजारी १२ मार्च २०२४ ठेवा. जैसलमेरजवळ तेजस पडलं, वैमानिक बाहेर पडला, विमान विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या आवारात कोसळलं आणि कुणालाही खरचटलं नाही. इंजिन बंद पडलेलं, ताबा सुटलेलं विमान नेमकं कुठे पडेल हे आत बसून राहिल्याने ठरतंच असं नाही. जोवर विमान ऐकतं तोवर वैमानिक ते मोकळ्या रानाकडे वळवतो, तसं शिकवलेलंच असतं. ऐकायचं थांबलं की तो चालक उरत नाही, उतारू होतो. बहलोलनगरचा प्रश्न विमानाच्या वयाला विचारायचा आहे. सोव्हिएत आराखड्याचं ते विमान आपल्याकडे १९६०च्या दशकात आलं, आपल्या नाशिकजवळ ओझरला बनू लागलं आणि २६ सप्टेंबर २०२५ला निवृत्त झालं. साठ वर्षं. तो प्रश्न वैमानिकाच्या धैर्यावर ढकलणं सोयीचं आहे, एवढंच.

फेब्रुवारी २०१९ हा महिना तर या विषयाचं पाठ्यपुस्तकच आहे.

१ तारखेला बंगळुरूत एचएएलच्या विमानतळावर मिराज-२००० पडलं. स्क्वाड्रन लीडर समीर अब्रोल आणि सिद्धार्थ नेगी दोघेही इजेक्ट झाले आणि दोघेही गेले. छत्री म्हणजे हमी नव्हे. १९ तारखेला त्याच शहरात येलहंक्यावर, एअर इंडियाच्या नव्हे, 'एरो इंडिया' प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, हवाई कसरतींच्या सूर्यकिरण चमूची दोन हॉक विमानं सरावात एकमेकांना धडकली. विंग कमांडर साहिल गांधी गेले. विंग कमांडर विजय शेळके आणि स्क्वाड्रन लीडर तेजेश्वर सिंह पॅराशूटने उतरले. आणि २७ तारखेला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान मिग-२१मधून इजेक्ट होऊन सीमेपलीकडे उतरले.

तिसरं नाव तुम्हाला पाठ आहे. त्यांच्या मिश्या न्हाव्यांच्या दुकानांत फॅशन झाल्या. शेळके हे नाव किती जणांना आठवतं? दोघांनीही दांडा ओढला होता. दोघांच्याही बुडाखाली स्फोट झाला होता. फरक एवढाच की एकाच्या गोष्टीत शत्रू होता. शत्रू असला की उडी मारणाराही वीर ठरतो. कसरत करताना, सरावात, यंत्राच्या किंवा इंचाच्या चुकीने बाहेर पडावं लागलं की बातमीच्या शेवटी दोन शब्द येतात: 'वैमानिक सुखरूप'.

या 'सुखरूप'वर माझा खास राग आहे. इजेक्शन सीट कशी चालते? दांडा ओढला की वरचं छत फुटतं किंवा उडतं. आसनाखालचा दारूगोळा पेटतो, मग रॉकेट. वजनाच्या बारा-पंधरा पट आणि कधी त्याहून जास्त जोर क्षणभर मणक्यावर येतो. छोटी छत्री आसन सरळ करते, आसन सुटतं, मोठी छत्री उघडते. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. मणके दबणं, मोडणं ही यातली नेहमीची दुखापत आहे. काही जण पुन्हा लढाऊ विमानात बसू शकत नाहीत. मार्टिन-बेकर या ब्रिटिश कंपनीच्या आसनांनी आजवर ७,७००हून जास्त जीव वाचवलेत. हॉकमध्ये आणि तेजसमध्ये याच कंपनीचं आसन आहे. कंपनीच्या नावातला बेकर स्वतः १९४२मध्ये चाचणी उड्डाणात गेला, आणि मित्राच्या त्या मरणानंतर जेम्स मार्टिन वैमानिकाला बाहेर काढण्याच्या कामाला लागला. इतकं सगळं 'सुखरूप' या एका शब्दाखाली गाडलं जातं. बातमी लिहिणाऱ्याचा दोष नाही, जागा तेवढीच असते. पण मेलेल्यासाठी अख्खं पान आणि वाचलेल्यासाठी दोन शब्द, ही मांडणी आपण रोज वाचतो आणि तीच शिकतो.

परदेशी सिनेमे यात फार शहाणे आहेत असं नाही. तरी 'टॉप गन'ला (१९८६) एक श्रेय द्यावं लागेल. त्यात गूस मरतो तो इजेक्ट होताना. विमान भोवऱ्यासारखं गरगरतंय, उडालेलं छत वरच राहतं आणि त्यावर तो आपटतो. यात ना शौर्य ना पळ. एक यंत्रणा, जी तेव्हा हवी तशी चालली नाही. आणि पुढचा निम्मा सिनेमा वाचलेल्या माणसाच्या वाचण्यावर आहे: झोप न लागणं, पुन्हा कॉकपिटमध्ये हात थरथरणं. ही गोष्ट हिंदी सिनेमाने अजून नीट सांगितलेली नाही, मराठीने तर विमानाकडे पाहिलेलंच नाही. याच सिनेमासाठी गरगरत्या विमानातून चित्रण करताना हवाई कसरतींमधला नामी वैमानिक आर्ट शोल १६ सप्टेंबर १९८५ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात गेला. रेडिओवर त्याने अडचण असल्याचं सांगितलं, मग खरीच मोठी अडचण असल्याचं. विमान सापडलं नाही, तोही नाही. सिनेमा त्याला अर्पण केलेला आहे.

शोलचं विमान पिट्स जातीचं, छोटं, दोन पंखांच्या जोड्यांचं. असल्या विमानांत इजेक्शन सीट नसते. पाठीवर किंवा बुडाखाली गाठोड्यासारखं पॅराशूट बांधायचं. अमेरिकेत सोबत दुसरा माणूस असताना विमान ६० अंशांहून जास्त कलवायचं किंवा नाक ३० अंशांहून जास्त वर-खाली न्यायचं, तर दोघांनाही ते बांधावंच लागतं. नायलॉनचं असेल तर दर १८० दिवसांत जाणकाराकडून उघडून पुन्हा घडी घालून घ्यावं लागतं. वेळ आली तर छत उडवायचं, पट्टे सोडायचे, बाहेर पडायचं, शेपटीपासून दूर झाल्यावर कडं ओढायचं. जमिनीवर बसून वाचायला सोपं आहे. गरगरत्या विमानात हाताचं वजन कितीतरी पट झालेलं असतं. घाबरलेली बोटं आसनाच्या पट्ट्याबरोबर पॅराशूटचा पट्टाही सोडू शकतात. म्हणून जाणते कसरतपटू हे सगळं दर उड्डाणाआधी जमिनीवर हातांनी करून बघतात आणि कोणत्या उंचीखाली गेल्यावर वाद न घालता बाहेर पडायचं तो आकडा आधीच ठरवून ठेवतात. हवेत ठरवायला वेळ नसतो.

यात गोची अशी की हवाई कसरती माणसांना दाखवायच्या असतात, आणि माणसं जमिनीवर असतात. प्रयोग जितका खाली तितक्या टाळ्या जास्त, आणि छत्रीला जागा तितकी कमी. गोव्यात तळ असलेल्या नौदलाच्या सागर पवन चमूचं एक किरण विमान ३ मार्च २०१०ला हैदराबादेत प्रदर्शनात एका इमारतीवर पडलं आणि दोन्ही वैमानिक गेले. सूर्यकिरणचा जन्म जिथला, त्या बीदरला २००६मध्ये सरावात आणखी दोघे गेले होते.

त्या संध्याकाळी टपरीवर मी भरतीवाल्या पोराला हाच हिशेब बिलाच्या मागे करून दाखवला. समजा वेग ताशी ५०० किलोमीटर. म्हणजे सेकंदाला साधारण १४० मीटर. नाक ४५ अंश खाली असेल तर सेकंदाला शंभरेक मीटर उंची जाते. विमान १५० मीटरवर आहे. किती वेळ उरला?

"दीड सेकंद," तो म्हणाला.

दुबईच्या विमानाचे आकडे हे नव्हेत, ते चौकशीवाल्यांकडे असतील, हेही त्याला सांगितलं. आणि ते आसन विमान उभं असतानाही माणसाला वाचवू शकतं, पण खाली सुसाट जाणाऱ्या विमानात आधी तो खाली जाण्याचा वेग मारावा लागतो, त्याला उंची लागते, हेही.

"म्हणजे शेवटपर्यंत त्याला वाटत असंल का विमान उचलते म्हणून?"

"असू शकतं."

त्याने फोन घेतला, ते फॉरवर्ड पुन्हा वाचलं, वाचवण्याबिचवण्याचं. पुढे पाठवलं नाही, खोडलंही नाही. मग सकाळी ग्राउंडवर यायचं आहे म्हणून उठला, आणि जाता जाता त्याने विचारलं की ते शेळके आता परत उडवतात का विमान.